खुंटी तशीच राहू द्या

भंगारातून शिल्प करताना वस्तू घासूनपुसून, रंगवून मगच वापरावी, असं एकांनी म्हटलंय. मला नाही पटत. डागाबरोबर गोष्टही जाते.

गेल्या वर्षी मिरजेत सतारमेकर गल्लीतून तडकलेला भोपळा आणला. हे जाड सालीचे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. तडा गेला की सतारीच्या कामाचे उरत नाहीत. कारागिरानं फुकट दिला, वर सतारीची तार पिळायची एक मोडकी खुंटीही.

करायचं होतं घुबड, खुंटीची चोच लावून. पण खुंटीवर तारेनं पाडलेली खाच दिसली आणि हात थांबला. ही किती वर्षं पिळली असेल? कुणी रियाज मधेच सोडला का? मग घुबडाची झाली सूर हरवलेली म्हातारी. भाची तिला दर आठवड्याला नवा भूतकाळ देते. सध्या ती सर्कशीत होती म्हणे!

पिकासोनं १९४२ मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं. त्यात सीट सीटच दिसतं, तरी बैल बघतो आपल्याकडे. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंदांनी फुटक्या बांगड्यांची माणसं केली, तीही बांगड्या न लपवता.

हां, गंजका पत्रा मात्र घासाच, लहान मुलं हात लावतात. आणि भोपळ्याला खिळा ठोकू नका, चिरतो. बारीक ड्रिलनं भोक पाडून तारेनं बांधा. माझा पहिला भोपळा खिळ्यानंच गेला.