कथेचे घटक पाठ आहेत, पण कथेत ते सापडत नाहीत

प्रश्न

कथानक, पात्रे, वातावरण, संवाद, निवेदन आणि आशय ही लघुकथेच्या घटकांची यादी मला पाठ आहे. तरीही कथा वाचून झाल्यावर कथानक कोणते आणि आशय कोणता, हे मला नेमके सांगता येत नाही. विशेषतः जिच्यात फारसे काही घडतच नाही, अशा कथेत कथानक आणि संघर्ष कसे शोधावेत?

प्रतिसाद १

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये कादंबरीविषयी बोलताना केलेला भेद इथे उपयोगी पडेल. राजा वारला आणि मग राणी वारली, हा केवळ घटनाक्रम झाला. राजा वारला आणि त्या दुःखाने राणी वारली, हे कथानक झाले. म्हणजे कथानकाला घटना पुष्कळ लागत नाहीत, त्यांच्यातला कार्यकारणभाव लागतो.

समजा, वडिलांच्या पश्चात दोन भाऊ त्यांचे सामान आवरत आहेत आणि शेवटी एक मनगटी घड्याळ उरते. ‘तू ठेव,’ थोरला म्हणतो. ‘नको, तूच ठेव,’ धाकटा म्हणतो. घड्याळ टेबलावरच राहते. वरवर काहीच घडले नाही. पण ते दोघांनाही हवे आहे, आणि मागितले तर वडिलांचे प्रेम आपल्याला कमी मिळाले असे कबूल केल्यासारखे होईल, या भीतीने दोघेही गप्प आहेत. संघर्ष तिथे आहे. या कथेचा विषय वडिलांचा मृत्यू हा असला, तरी तिचा आशय भावांच्या त्या न मागण्यात आहे.

प्रतिसाद २

याच उदाहरणात निवेदक बदलून पाहा, कारण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित घटक तोच आहे. थोरला ‘मी’ म्हणून सांगू लागला, तर धाकट्याचे मन आपल्याला बंद राहते आणि त्याचा नकार खरा की खोटा, हा प्रश्न शेवटपर्यंत टिकतो. सर्वज्ञ निवेदकाने दोघांचीही मने उघडली, तर हे रहस्य उरत नाही. मात्र जे वाचकाला कळले आहे ते त्या दोघांना एकमेकांविषयी कळत नाही, याची वेदना सुरू होते. घटना तीच, पात्रे तीच, आणि तरीही या दोन वेगळ्या कथा आहेत.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही मते मला मान्य आहेत. फक्त आरंभ, चढण, उत्कर्षबिंदू, उतार आणि शेवट हा आराखडा प्रत्येक कथेवर लादू नये, असे सुचवावेसे वाटते. जर्मन लेखक गुस्ताव फ्रायटाग यांनी १८६३ मध्ये तो नाटकासाठी मांडला होता. लघुकथेच्या अधिक जवळचा विचार अमेरिकन कथाकार एडगर अ‍ॅलन पो यांनी १८४२ मध्ये हॉथॉर्न यांच्या कथांचे परीक्षण करताना मांडला: कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातील प्रत्येक शब्दाने ठरवलेला एकच परिणाम साधावा. त्यामुळे एखादा तपशील काढून टाकल्यावर तो परिणाम उणावतो का, हे पाहत वाचावे. समजा, भावांच्या त्या खोलीत अर्धवट बांधलेली खोकी आहेत; ती काढली तर काय हरवते, हे सांगता आले की वातावरण कशाला म्हणतात ते आपोआप कळते.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. थोरल्याच्या निवेदनातून तो प्रसंग मी लिहून पाहिला, तेव्हा आधी आवश्यक वाटलेले निम्मे संवाद गळून पडले. घड्याळाला किल्ली कोण देत असे, हे एकच वाक्य मात्र काढता येईना.