गोल्फचे प्रो स्लाइसचं औषध चुकीचं देतात का?

सातनंबरी

कुठल्याही रेंजवर (सरावाच्या मैदानावर) अर्धा तास नुसतं कान देऊन बसा, प्रो मंडळींची, म्हणजे फी घेऊन शिकवणाऱ्यांची, तीन वाक्यं आलटूनपालटून ऐकू येतील. डोकं खाली ठेव. डावा हात सरळ ठेव. आतून मार, म्हणजे क्लब आपल्या शरीराच्या बाजूने चेंडूकडे आण. माझं मत असं की पहिलं बहुतेकदा नुकसान करतं, दुसरं अर्धवट आहे आणि तिसरं म्हणजे स्लाइसवर, चेंडू उजवीकडे वळत जातो त्यावर, नाडी न बघता दिलेली गोळी.

तिसऱ्यापासून सुरू करतो. (सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी उलटं वाचावं.) शिकवण्याच्या जुन्या पुस्तकांत नियम असा असायचा: चेंडू निघतो स्विंगच्या वाटेने, म्हणजे पाथने, आणि वळतो क्लबफेसच्या, म्हणजे स्टिकच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या, तोंडाप्रमाणे. भौतिकशास्त्रवाल्यांना हे पटत नव्हतंच. डेन्मार्कच्या ट्रॅकमनसारखी रडार यंत्रं आल्यावर सगळ्यांनाच दिसलं की चेंडूची सुरुवातीची दिशा मुख्यतः फेस ठरवतो, ड्रायव्हरला (लांब मारण्याचा क्लब) साधारण ८५ टक्के, आयर्नला (सात नंबरसारखे आकड्यांनी ओळखले जाणारे क्लब) ७५ टक्क्यांच्या आसपास. वळण येतं ते फेस आणि पाथ यांच्यातल्या फरकामुळे.

आता एक शॉट घ्या. ड्रायव्हरचा फेस लक्ष्याच्या ४ अंश उजवीकडे, पाथ २ अंश डावीकडे. चेंडू अंदाजे ३ अंश उजवीकडे निघेल आणि फेस-पाथमध्ये ६ अंशांचा फरक असल्यामुळे आणखी उजवीकडे वळेल. जुन्या नियमाचा प्रो काय वाचणार? ‘चेंडू उजवीकडे निघाला, म्हणजे तू फार आतून मारतोयस. जरा डावीकडे स्विंग कर.’ विद्यार्थी आज्ञाधारक असला तर पाथ ६ अंश डावीकडे नेतो. फेस तिथेच, फरक आता १० अंश. स्लाइस वाढला, आणि वर बोलणी खायची ती विद्यार्थ्यानेच.

झाडाला वळसा घालण्याची पाककृतीही तशीच. ‘पाय झाडाच्या उजवीकडे, फेस झेंड्याकडे, मार बिनधास्त हुक (डावीकडे वळणारा शॉट).’ फेस झेंड्याकडे आणि झेंडा झाडाच्या मागे, म्हणजे चेंडू निघणार झाडाच्याच रोखाने. फेस झाडाच्या कडेच्या बाहेर आणि पाथ त्याच्याही बाहेर, तरच तो वळसा घालून येतो.

फी घेऊन शिकवणाऱ्याला एवढं तरी माहीत असायला हवं.

मुळाकाठ

नियम बरोबर सांगितलात, निष्कर्ष चुकला. शिकवणीतलं वाक्य हे वर्णन नसतं, सूचना असते. ‘आतून मार’ म्हणताना प्रो त्या माणसाचा पाथ किती अंशांचा आहे ते सांगत नसतो. त्याच्या अंगाला काय वाटलं पाहिजे ते सांगत असतो. शनिवार-रविवारी खेळणाऱ्या स्लाइसवाल्यांत बहुतेकांचा पाथ खरंच बाहेरून आत येतो: वरून खाली येताना उजवा खांदा आधी पुढे झेपावतो आणि हात त्याच्या मागे फरफटत येतात. त्याला ‘पाथ ५ अंश उजवीकडे ने’ सांगून काय होणार? ‘बॅटने चेंडू मिडऑनऐवजी कव्हरकडे ढकल’ म्हटलं की आपल्याकडचा कुठलाही माणूस दुसऱ्या चेंडूला बदलतो.

यावर अभ्यासही झाला आहे. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये नवख्यांना पिच शॉट (जवळून उंच उडवायचे फटके) शिकवले. एका गटाने लक्ष हातांच्या हालचालीवर ठेवायचं, दुसऱ्याने क्लबच्या झोक्यावर. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे शॉट जास्त अचूक पडले. म्हणून शब्द शास्त्रशुद्ध असण्यापेक्षा ते विद्यार्थ्याचं लक्ष कुठे नेतात याला महत्त्व आहे.

आणि जुन्या नियमावर शिकवणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या उत्तम खेळाडू घडवलेच की. कसे? एक सूचना द्यायचे, चेंडू बघायचे, नाही जमलं तर दुसरी. त्यांची थिअरी कच्ची होती, पण परीक्षक चेंडू होता आणि तो खोटं बोलत नाही.

डावखुरी

उलटं वाचायची आम्हाला सवयच आहे, पण या खेपेला मी सातनंबरींच्याच बाजूने लिहिते.

‘डोकं खाली ठेव’ यावर मुळाकाठ काही बोलले नाहीत, ते सोयीचं नसावं. आनिका सोरेनस्टॅम आणि डेव्हिड डुव्हाल, दोघेही आपापल्या काळात जगात पहिले. दोघांचंही डोकं इम्पॅक्टच्या, म्हणजे चेंडूला फटका बसण्याच्या, आधीच लक्ष्याकडे वळायला लागलेलं असायचं. चेंडूकडे टक लावून बघणं ही चांगल्या शॉटची अट असती तर ते दोघे टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) पुढे सरकले नसते.

चेंडू टॉप होतो, म्हणजे क्लब त्याच्या वरच्या भागाला लागतो, तेव्हा डोकं वर आलेलं दिसतं खरं, पण ते लक्षण असतं. मूळ कारणं साधारण तीन. एक, वजन उजव्या पायावरच राहतं, त्यामुळे स्विंगच्या कमानीचा तळ चेंडूच्या मागे पडतो आणि क्लब वर येताना चेंडूच्या टाळूला लागतो. दोन, कंबर चेंडूकडे ढकलली जाते, पाठ ताठ होते, हातांना जागा उरत नाही. तीन, डावा कोपर आखडतो आणि कमानीची त्रिज्याच कमी होते. आता पहिल्या प्रकारच्या माणसाला डोकं खाली दाबून धरायला सांगा. छाती वळायची थांबते, वजन मागेच अडकतं, तळ आणखी मागे जातो. पुढचा चेंडू पुन्हा टॉप, नाहीतर मागची माती.

आयर्नने चांगलं मारणाऱ्याचा तळ चेंडूच्या पुढे असतो, चार बोटं तरी. तपासायला गवतावर चुन्याची एक रेघ ओढा. चेंडू नको. रेघेवर उभं राहून दहा स्विंग करा. डिव्हट (क्लबने उखडलेली माती) रेघेवर किंवा तिच्या पुढे सुरू झाली पाहिजे. मागे सुरू होत असेल तर डोक्याचं नाव काढू नका, डाव्या पायावर दाब कधी येतो ते बघा. चांगल्या खेळाडूचा तो दाब हात खाली यायच्या आधी यायला लागलेला असतो.

डाव्या हाताबद्दल एकच ओळ: जॉर्डन स्पीथचा डावा कोपर इम्पॅक्टला वाकलेला असतो आणि त्याच्या नावावर तीन मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वात मोठ्या स्पर्धा, आहेत.

पांढरी_टी

या धाग्यावर अंश फार झाले. आपल्या देशात गोल्फ कोणी शिकवलं? कॅडींनी, खेळाडूंच्या बॅगा वाहणाऱ्यांनी. अली शेर दिल्लीला कॅडी होता, १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. १९९३ मध्ये पुन्हा जिंकला. गोल्फपटू चौरासियाचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबात ग्रीनकीपर होते. पोरगा बघून बघून शिकला आणि २०१६, २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन घेऊन गेला. रडार कुठे होतं?

चार तास दुसऱ्याचे शॉट बघत चालणाऱ्याची नजर तयार होते. चेंडू कुठून निघाला, कुठे वळला, डिव्हट कुठल्या दिशेला, आवाज कसा आला, हे सगळं तो एका क्षणात टिपतो. उलट हल्ली यंत्र असं लावतात की तेच २-३ अंश वाकडं बसलेलं असतं. मग पाथ, फेस, सुरुवातीची दिशा, सगळे आकडे तेवढेच वाकडे आणि विद्यार्थी बिचारा नसलेला दोष सुधारत बसतो. स्वस्त यंत्रांत तर फेस थेट मोजलाच जात नाही, चेंडूच्या उड्डाणावरून उलट हिशेबाने काढतात. तरी पडद्यावर दशांश चिन्हासकट दाखवतात!

सातनंबरी

@पांढरी_टी, अली शेर आणि चौरासिया यांना सलाम. पण त्याच वाटेने गेलेले आणि कुठेच न पोचलेले किती, त्यांची यादी कोणी ठेवत नाही. शिवाय ते दोघे शिकले लहानपणी, हजारो चेंडू मारत. पंचेचाळिसाव्या वर्षी, पाठीत चमक घेऊन, आठवड्यातून एकदा येणाऱ्या सभासदाला तो रस्ता मोकळा नाही.

यंत्र वाकडं बसण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य.

@मुळाकाठ, सूचना आणि वर्णन वेगळं, हेही मान्य. पण सूचना निवडायला निदान लागतं. तुमचा ‘कव्हरकडे ढकल’ बाहेरून आत येणाऱ्याला लागू पडतो. माझ्या उदाहरणातल्या माणसाचा पाथ फक्त २ अंश डावीकडे आहे, दोष फेसचा आहे. त्याला आधी ग्रिप, म्हणजे क्लबची पकड, सुधारून द्या. तुमच्या परीक्षक चेंडूचंच ऐकायचं तर दोन गोष्टी वेगळ्या बघा: निघाला कुठे आणि वळला कुठे. चेंडूच्या पुढे तीन मीटरवर लक्ष्यरेषेत एक काठी रोवा. चेंडू काठीच्या कुठल्या बाजूने गेला यावरून फेस कळतो, पुढे कुठे वळला यावरून पाथ. यंत्राची गरजच नाही.

रेंजची_बादली

तुम्ही सगळे काय शिकवायचं यावर भांडताय. मला वाटतं, रोग शिकवायच्या पद्धतीत आहे. अर्ध्या तासाची शिकवणी, ५० चेंडूंची बादली, एकच सात नंबर, एकच लक्ष्य आणि दर चेंडूमागे प्रोचं एक वाक्य. शेवटचे दहा चेंडू झकास जातात आणि दोघेही खूश. रविवारी पहिल्या टीवर ते शॉट गायब.

शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये एक प्रयोग केला. तो गोल्फवर नव्हता, हाताने अडथळे पाडण्याच्या साध्या कामावर होता. एकच प्रकार सलग घोकणारे सरावात पुढे होते, पण काही दिवसांनी प्रकार मिसळून सराव केलेले पुढे गेले. रेंजवर याचा अर्थ इतकाच: सात नंबर, मग वेज (जवळच्या शॉटचा क्लब), मग ड्रायव्हर, दरवेळी नवीन लक्ष्य आणि चेंडूच्या मागे जाऊन पुन्हा उभं राहणं. प्रोने प्रत्येक चेंडूनंतर तोंड उघडू नये, तीन-चार चेंडूंनी एकदा पुरे.

दुसरा चोर म्हणजे मॅट, रेंजवरचं नकली गवत. दोन बोटं मागे लागलेला क्लब मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत पोचतो आणि शॉट बरा वाटतो. जूनमध्ये माती भिजली की तोच स्विंग चेंडूमागे खड्डा करतो, चेंडू जेमतेम वीस पावलं. मॅटवरच सराव करायचा असेल तर चेंडूच्या मागे वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर ठेवून घडी घातलेला टॉवेल पसरा. टॉवेल हलला की लबाडी पकडली.

मुळाकाठ

बादलीवाल्यांचं पटलं. दर चेंडूला बोलणारा प्रो बहुधा फी वसूल करून दाखवत असतो.

ग्रिपबद्दल सातनंबरी घाई करतायत. फेस उघडा राहतो म्हणून डावा हात क्लबवर उजवीकडे फिरवून दिला, दोनऐवजी तीन नकल (बोटांच्या मुळांची हाडं) दिसायला लागल्या, आणि पाथ बाहेरून आतच राहिला, तर स्लाइस जाऊन त्या जागी चेंडू सरळ डावीकडे झाडीत. तो पुल स्लाइसपेक्षा महाग पडतो, कारण वेग पूर्ण असतो. बदलायची तर दोन्ही टोकं बदलायला हवीत, आणि मोठा बदल म्हटलं की वेळ देणं आलंच. इंग्लंडच्या निक फाल्डोने प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरबरोबर १९८०च्या दशकाच्या मध्याला सगळा स्विंग उसवला तेव्हा मधली दोन वर्षं लोक त्याला वेड्यात काढत होते. १९८७ मध्ये म्युअरफिल्डला शेवटच्या फेरीत अठराच्या अठरा पार (होलला ठरलेले तेवढेच फटके) मारून त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. आपल्या सभासदाला दोन आठवड्यांत निकाल हवा असतो.

मात्र ग्रिप बघायचीच तर आधी हातमोजा बघा. तळव्याच्या टाचेवर, करंगळीच्या खालच्या गादीवर भोक पडलं असेल तर क्लब बोटांऐवजी तळव्यात धरलाय आणि वर गेल्यावर तो सरकतोय. दांडा करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका बसला पाहिजे. एवढं केलं तरी काहींचा फेस आपोआप ताळ्यावर येतो. आणि क्लबचे रबरी ग्रिप साबणाच्या पाण्याने धुवा हो कोणीतरी! घामाने चकाकायला लागलेत.

पांढरी_टी

मोज्याचं भोक बघणं म्हणजे कॅडीचीच नजर. आलात शेवटी आमच्याकडे.

आता माझी एक शंका धागालेखकांना. तुमची काठी रोवली. चेंडू काठीच्या किंचित डावीकडून निघाला आणि लांब उजवीकडे वळला. तुमच्या नियमाने फेस थोडा डावीकडे, पाथ बराच डावीकडे, म्हणजे बाहेरून आत. बरोबर? आता तोच चेंडू ड्रायव्हरच्या टाचेवर, दांड्याजवळ लागलेला आहे असं समजा. ड्रायव्हरचा फेस फुगीर असतो, टाचेकडचा भाग डावीकडे बघतो, म्हणून चेंडू डावीकडे निघतो. क्लबचं वजन मागे असल्यामुळे टाचेला लागल्यावर क्लबचं डोकं फिरतं आणि चेंडूला उलटी, उजवीकडची फिरकी मिळते. पाथ अगदी सरळ असला तरी. दिसायला पुस्तकी स्लाइस आणि दोष फक्त इतकाच की चेंडू फेसवर दोन बोटं चुकीच्या जागी लागला. याला पाथ दिलात किंवा ग्रिप दिलीत, दोन्ही फुकट.

सातनंबरी

हा मुद्दा मी सोडायला नको होता. ८५ टक्क्यांचा हिशेब चेंडू फेसच्या मध्यावर लागला तरच चालतो. आयर्नमध्ये वजन फेसच्या जवळ असल्यामुळे हा परिणाम नगण्य असतो. म्हणून सात नंबर सरळ आणि ड्रायव्हर स्लाइस अशी तक्रार आली तर पाथकडे जाण्याआधी टाच तपासायची. बहुतेकदा तो माणूस चेंडूच्या फार जवळ उभा असतो, नाहीतर खाली येताना वजन पंज्यांवर जाऊन चेंडूवर झुकतो.

डावखुरी

तपासायचं कसं ते कोणी सांगितलंच नाही. चेंडूवर मार्करने रुपयाएवढा ठिपका करा, ती बाजू मागे, क्लबफेसकडे करून टीवर ठेवा, मारा. फेसवर छाप उठते. पाच चेंडूंच्या पाच छापा बघा, एका छापेवर जाऊ नका. दर शॉटनंतर पुसून घ्या.

रेंजची_बादली

पर्मनंट मार्कर चालेल का?

डावखुरी

नको, छाप नीट उठत नाही आणि रेंजचा चेंडू कायमचा रंगतो. व्हाइटबोर्डचा घ्या. ठिपका ओला असतानाच मारा.