मेटल डिटेक्टरचा छंद: पुण्याच्या आसपास कुठे, कुणाच्या परवानगीने? सल्ला हवा आहे

सुगरणीचा_खोपा

नमस्कार मंडळी. माझे मोठे दीर बावीस वर्षं इंग्लंडात होते, दिवाळीत कायमचे परत आले. येताना स्वतःचा मेटल डिटेक्टर घेऊन आले आणि माझ्या मुलाच्या हातात दिला. मुलगा पंधराचा आहे. शिवकाल म्हटलं की जेवण विसरतो.

गेल्या रविवारी अध्यक्षांना विचारून सोसायटीच्या मागच्या मोकळ्या पट्ट्यात दोघांनी तो चालवून पाहिला. तीन तासांत सोड्याच्या बाटल्यांची बुचं, खिळे, एक तुटकी किल्ली आणि एक चौकोनी पाच पैसे मिळाले. नाणं ॲल्युमिनियमचं, एक कोपरा दुमडलेला. मुलाने ते तळहातावर घेतलं, बाटलीतलं पाणी ओतून अंगठ्याने हलकेच माती काढली आणि विचारलं, "आई, हे कुणाच्या खिशातून पडलं असेल गं?" त्या प्रश्नासाठी मला हा छंद टिकवायचा आहे.

आता त्याला सिंहगडावर जायचंय, नदीकाठी जायचंय. दीर सांगतात की तिकडे शेतकऱ्याला विचारून रानात जायचे, सापडलेलं नोंदवायचे. इथे तसं काही आहे का? कुठे जाता येईल, कुठे अजिबात जाऊ नये? आणि पुढे या छंदाला आपल्याकडे जागा राहील की सगळीकडे बंदीच होणार आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

गडवाट

ताई, पहिलं उत्तर स्पष्ट देतो. किल्ल्यावर डिटेक्टर नेऊ नका. पिशवीत ठेवूनसुद्धा नको.

जुलै २०२५ मध्ये आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन पुणे जिल्ह्यातले. सिंहगड त्या यादीत नाही, पण म्हणून तो मोकळा आहे असं समजू नका. संरक्षित स्मारक केंद्राचं असो वा राज्याचं, तिथे परवान्याशिवाय खणणं गुन्हाच आहे.

मी चौदा वर्षं गडांवर श्रमदानाला जातो. दोन पावसाळ्यांपूर्वी एका गडावर वाड्याच्या जोत्याशेजारी ओळीने नऊ खड्डे दिसले. प्रत्येक खड्डा कोपरभर खोल, कडा ताज्या. काढलेली माती आणि जुन्या कौलांचे तुकडे उतारावर भिरकावलेले. पुढच्या पावसात पाणी त्याच खड्ड्यांत मुरलं आणि जोत्याचे दोन चिरे सुटले. तीनशे वर्षं जागचे न हललेले चिरे. बहुधा कुणीतरी शिवराई, म्हणजे शिवकालीन तांब्याची नाणी, शोधत होतं. आम्ही खड्डे बुजवले, पण सुटलेले चिरे आमच्याच्याने बसले नाहीत.

मुलाला गड दाखवा, जरूर दाखवा. यंत्र घरी.

तांब्याची_तार

गडवाट यांना अनुमोदन. टेकड्याही सोडा. तळजाई, वेताळ टेकडी यांचा बराच भाग वनखात्याचा आहे आणि राखीव वनात जमीन उकरणं १९२७ च्या वन कायद्यात बसत नाही. लष्करी हद्दीच्या जवळपाससुद्धा फिरकू नका. गोळीबाराच्या मैदानाच्या आसपास सिग्नल आला आणि पोराने खुरपं घातलं तर काय होईल, हे सांगायला नको.

कलम_चार

वकिली करतो, तेवढ्यापुरतं सांगतो.

आपल्याकडे जमिनीतून निघालेल्या मौल्यवान वस्तूंसाठी आजही १८७८ चा निधी कायदा चालतो. ग्रॅहम बेलने अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला धातुशोधक यंत्र वापरलं ते १८८१ साली. म्हणजे हे यंत्र लोकांना माहीत होण्याआधीचा हा कायदा.

जमिनीत दडलेली किंमत असलेली कुठलीही वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठे, कोणत्या तारखेला. होय, दहा रुपये. १८७८ चे. आज दहा रुपयांत चहाही धड मिळत नाही, पण कायद्यातला आकडा तोच आहे. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. जागेच्या मालकाने लपवायला साथ दिली तर त्यालाही सहा महिन्यांपर्यंत. म्हणजे तुमच्या चुकीने शेतकरीही अडकतो, हे ध्यानात असू द्या.

रीतसर कळवलं तर हा कायदा सापडणाऱ्याच्या विरोधात नाही. निधीवर कुणाचाच हक्क शाबीत झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागामालकाचा. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते.

शिवाय शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. देशाबाहेर नेता येत नाही, विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. जुन्या बाजारात "दाखवून तर बघू" म्हणून नेऊ नका.

२०२१ मध्ये चिखलीच्या बाजूला पोलिसांनी २१६ सोन्याची नाणी ताब्यात घेतली, ती बातमी आठवत असेल. बांधकामाच्या मातीतून निघालेली नाणी घरात दडवली होती. वेळेवर एक अर्ज गेला असता तर ती गोष्ट वेगळी झाली असती.

टेम्सकाठचा_मुळशीकर

मी इंग्लंडमधूनच लिहितोय. अकरा वर्षं हा छंद करतोय, म्हणून इकडची बाजू मांडतो.

इथे शेतमालकाची परवानगी हा पाया. ती लेखी घ्यायची, सापडलेल्या वस्तूची वाटणी आधी ठरवायची. संरक्षित स्थळावर यंत्र नेलं तर १९७९ च्या कायद्याने गुन्हा. १९९६ चा ट्रेझर ॲक्ट १९९७ पासून लागू झाला. त्यात बसणारं काही सापडलं की चौदा दिवसांत कळवायचं. त्याच वर्षी साध्या वस्तूंच्या ऐच्छिक नोंदणीची योजना सुरू झाली. बक्कल, बटण, झिजलेलं नाणं, काहीही घेऊन जा. जिल्ह्याचा अधिकारी तपासतो, जागेचा अचूक ठिकाणा लिहून घेतो आणि बहुतेक वस्तू परत देतो. दहा लाखांहून जास्त वस्तू तिथे नोंदल्या गेल्यात.

२००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका शेतात एका छांदिष्टाला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा सापडला. त्याने कळवलं. ३२ लाख ८५ हजार पौंड आले, ते तो आणि शेतमालक यांच्यात वाटले गेले. उलट २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांनी सापडलेला साठा लपवून विकायला काढला. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. सुमारे तीनशे नाण्यांतली जेमतेम तीस हाती लागली, बाकीची कायमची गेली.

पण इथेही दारं बंद होतायत. कित्येक नगरपालिका आपल्या बागांत यंत्र चालवू देत नाहीत. शेजारच्या आयर्लंडमध्ये १९८७ पासून पुरावस्तू शोधण्यासाठी डिटेक्टर वापरायला सरकारी संमती लागते. रात्री चोरून खणणाऱ्यांमुळे शेतकरी बिथरतात आणि परवानगी मागायला गेलेल्या माझ्यासारख्यालाही फाटकातूनच परत पाठवतात. एका चोराची किंमत पन्नास जणांनी मोजायची, हे मी डोळ्यांनी पाहतोय. आपल्याकडे हा छंद आत्ता उगवतोय. पहिल्या दहा जणांनी तो कसा केला, त्यावर पुढच्यांना जागा मिळेल की नाही हे ठरेल.

पांढरीची_माती

पुरातत्त्व शिकते, पुण्यातच. वरच्या सगळ्यांशी सहमत, पण मला खोलीबद्दल बोलायचं आहे.

गावाकडे "पांढर" म्हणतात ती जागा ठाऊक आहे ना? नदीकाठचं राखाडी-पांढऱ्या मातीचं टेकाड, जिथे पाऊस पडला की खापरं वर येतात. माणसं शेकडो वर्षं राहून गेली की राख, शेण आणि पडलेल्या भिंतींनी माती तशी होते. शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ उत्खनन केलं ते अशाच टेकाडावर. थर-थर खरवडत घरं सापडली, चुली सापडल्या, घराच्या जमिनीखाली रांजणात पुरलेली लहान मुलं सापडली. एकेका थराची माती चाळून लोक काय खात होते तेही कळलं. तिथे कुणी बीप वाजला म्हणून मधूनच वीतभर खड्डा मारला, तर तांब्याची बांगडी मिळेल, पण ती कोणत्या घरातली, कोणत्या पिढीची, हे कायमचं पुसलं जाईल.

दायमाबादची गोष्ट मुलाला नक्की सांगा. १९७४ मध्ये प्रवरेकाठी एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ काढताना चार ओतीव वस्तू मिळाल्या: बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. मिळून साठ किलोंहून जास्त वजन. भारतात तसं दुसरं काही नाही. पण त्या थरांसकट, उत्खननात सापडल्या नाहीत, म्हणून त्या नेमक्या कधीच्या यावर अभ्यासक आजही भांडतात. त्या शेतकऱ्याची यात काही चूक नव्हती. यंत्र घेऊन फिरणाऱ्याला मात्र नकळत झालं असं म्हणता येणार नाही.

म्हणून माझं सांगणं: नांगरटीच्या मातीखाली जाऊ नका. नांगराने जी वीतभर माती दरवर्षी उलथते, तिच्यातले थर आधीच मोडलेले असतात. तिथून निघालेल्या वस्तूची जागा लिहून ठेवली तर ती उपयोगाची ठरते. खापरं दिसली, राख दिसली, हाड दिसलं, की थांबा, फोटो काढा आणि कळवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बंदीने लूट थांबत नाही, ती रात्रीची होते. मला मनापासून वाटतं की तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस तरी कुणी जाणकार बसावा, जिथे शेतकरी, मजूर, तुमचा मुलगा, कुणीही न घाबरता वस्तू दाखवू शकेल. आज आमच्या विभागात एखादे आजोबा रुमालात नाणं बांधून आणतात आणि पहिलं वाक्य असतं, "पोलीस तर येणार नाहीत ना?" ती भीती आहे तोवर छंदाला जागा मिळणं अवघड आहे.

घोडकाठ

मी शिरूरकडचा शेतकरी. ताई, आमच्याकडे यंत्र घेऊन माणूस रानात दिसला की गाव एकच शब्द बोलतं: गुप्तधन. त्यामागे वाईट अनुभव आहेत. लिंबू, काळी बाहुली, अमावास्येला खणलेले खड्डे. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, इतकं ते घडत होतं. त्यामुळे मालकाने हो म्हटलं तरी शेजारचा बांधकरी पोलीस पाटलाला फोन लावू शकतो.

तेव्हा दिवसाढवळ्या या. आधी पोलीस पाटलाच्या कानावर घाला. परवानगीच्या कागदावर गट नंबर लिहा, तारीख लिहा, काय सापडलं तर काय करायचं ते लिहा. सातबाऱ्यावर चार नावं असतील तर चौघांच्या सह्या घ्या, भावाभावांत पुढे वाद नको. पीक उभं असताना रानात पाय नको. खड्डा केला तर बुजवा, बैलाचा पाय मोडतो.

माझं दीड एकर बाजरी काढून रिकामं आहे, पांढरीपासून लांब, ओढ्याच्या अलीकडे. पोराला घेऊन या. निरोप टाकला आहे.

सुगरणीचा_खोपा

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचा निरोप मिळाला, नक्की येतो. परवानगीचा कागद तुम्ही सांगितल्याप्रमाणे आज रात्री लिहून काढते. तांब्याची_तार, एक अडचण: सोसायटीच्या मातीत ठीक चालणारं यंत्र मावशीच्या मुळशीच्या वावरात नुसतं बडबडत होतं. बिघडलं का?

तांब्याची_तार

बिघडलं नाही. सोसायटीत भराव बाहेरचा असतो. वावरात खाली आपला काळा पाषाण, त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकी लोहखनिज, म्हणून यंत्राला मातीच धातू वाटते. स्वच्छ जागी कॉइल (यंत्राची खालची चकती) वीतभर वर-खाली हलवत आवाज शांत होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे यंत्र त्या मातीशी जुळवून घ्या, आणि सेन्सिटिव्हिटी उतरवा. खोली कमी मिळेल, पण वरच्या ताईंनी सांगितलंय तसं खोल जायचंच नाही. लोखंड वगळायची सेटिंग लावलीत तर गेंड्याचे चार आणे निसटतील, ते स्टीलचे आहेत.

आणि एक काम सुचवतो. मी भोरला दरवर्षी भातलावणीनंतर जातो. चिखलात अंगठ्या, जोडवी हरवतात. गेल्या साली एका वहिनींचं मंगळसूत्र खाचरात गेलं होतं. त्या ज्या ओळीत वाकल्या होत्या तिथून सुरुवात केली, पाऊण तासात सापडलं, काळे मणी चिखलात, वाट्या वर. त्यांनी ते धुतलंसुद्धा नाही, तसंच कपाळाला लावलं. त्या गावात आता मला कुणी कुठेही जाऊ देतं.

सुगरणीचा_खोपा

काल जाऊन आलो, म्हणून धागा वर काढते. पोलीस पाटील स्वतः तासभर बांधावर बसून होते, चहाही तिथेच झाला. दुपारपर्यंत नांगराच्या फाळाचा तुकडा, दोन नट आणि पितळेचं एक घुंगरू मिळालं, आतली गोळी गंजून बसलेली. दादांच्या आईंनी ते हातात घेतलं आणि म्हणाल्या, हे सर्ज्याच्या माळेतलं, यांच्या वडलांचा बैल होता तो. घुंगरू त्यांच्याकडेच ठेवलं. मुलाने वहीत लिहिलं: गट नंबर, ओढ्याकडच्या बांधापासून सव्वीस पावलं, बाभळीच्या रेषेत, खोली चार बोटं, घुंगरू, पितळ, सर्ज्याचं.