मदत हवी आहे : ठाण्याच्या जुन्या चर्चच्या नोंदी

नमस्कार मंडळी. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या पॅरिशमधली (म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती वस्तीतली) जुनी घराणी नोंदवून ठेवतोय. आमची ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली) म्हातारी माणसं एकेक करून जात आहेत, म्हणून घाई आहे.

आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक कागद सापडला. शाई तपकिरी झालीय, घडीवर फाटलाय. पोर्तुगीजमधलं ‘फिल्या दे’, म्हणजे ‘ची मुलगी’, एवढंच लागतं. त्याखाली ‘पाद्रिन्यो’, म्हणजे धर्मपिता, पण पुढचं नाव वाचता येत नाही. हा बाप्तिस्म्याचाच दाखला असावा. असं जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारं कुणी आहे का?

दुसरं, १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतलं, १७७४ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. मधल्या ३७ वर्षांत इथली पॅरिश कुणी सांभाळली, हे मला फार जाणून घ्यायचंय. साष्टीतल्या (गोव्यातली नव्हे, ठाणे-मुंबईकडचं साष्टी बेट) बऱ्याच पॅरिश पुढे दमणच्या धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपच्या अखत्यारीत होत्या, तो १९२८ मध्ये बंद झाला. त्या काळची दप्तरं गोव्यात पणजीच्या पुराभिलेखागारात कुणी पाहिली आहेत का? अर्ज कसा करायचा? चराई, उथळसरकडच्या कुणाच्या घरी जुने कागद असतील तर कृपया सांगा, मी स्वतः येऊन फोटो काढेन, कागद नेणार नाही.