चुलतभावाचा हिस्सा आत्ताच घ्यावा की आधी इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांची वाटणी) घालावी?

माडकरी: गोव्यात पेडण्याला आजोबांचं घर नि मागे भाट, म्हणजे माडांची बाग. एक-चौदावर (जमिनीच्या उताऱ्यावर) अजून आजोबांचंच नाव. वारस तीन: आम्ही, मुंबईचा चुलतभाऊ आणि मडगावची आत्या. घरात मी राहतो, पावसाआधी कौलं मीच चाळून घेतो. आता भाऊ म्हणतो माझा तिसरा हिस्सा घे नाहीतर गिऱ्हाईक आहे. मोपाचं विमानतळ झाल्यापासून गिऱ्हाईक कोणाला नाही म्हणा. घेऊन टाकू?

खाजन: अजिबात नको! घेणार काय, पडवी की विहीर? वाटणी झाली नसताना तो नुसता हक्क विकू शकतो, अमुक माड माझे असं बोट दाखवून नाही. आधी कोर्टात इन्व्हेंटरी घाल, मग पैसे मोज. आमच्याकडे उलटं केलं, काकांना पैसे दिले आणि मग कळलं काकूची सहीच नाही. गोव्यात वेगळा करार नसेल तर लग्नाबरोबर निम्मं जोडीदाराचं, हे विसरलेच सगळे.

पाटोपूल: सही हवी ते खरं, पण इन्व्हेंटरीत वारसांमध्ये बोली लागते हे का नाही सांगत? जो जास्त बोलेल त्याला घर, बाकीच्यांना पैसे. मुंबईवाल्याने बोली चढवली की कौलं चाळणारा बाहेर. आज तो विकायला तयार आहे ना, मग स्पेशल नोटरीकडे वारसांचं डीड, म्हणजे वारस कोण त्याचा दस्त, करा, नवरा-बायको दोघांच्या सह्यांनी त्याचा हिस्सा घे, आणि मग बस बोलीला. दोन तृतीयांश तुझेच, म्हणजे बोली कितीही चढली तरी खिशातून फक्त आत्याचा तिसरा जाणार.

खाजन: हं, हे अर्धं पटलं. पण भाटात मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा, असला तर?

माडकरी: आहे ना, विहिरीजवळ एक घर.

पाटोपूल: मग भाव पाड की. 1975 च्या कायद्याने तो घर नि घराखालची जागा विकत मागू शकतो, आणि ते ओझं तिघांचंही आहे, तुझ्या एकट्याच्या गळ्यात कशाला?

खाजन: आणि गिऱ्हाईकाला घाबरू नको. बाहेरच्याला द्यायचं तर त्याच भावात आधी तुला नि आत्याला विचारावं लागतं. आत्या काय म्हणते?

माडकरी: तिला अजून सांगितलंच नाही.

पाटोपूल: अरे देवा. आधी मडगाव गाठ.