ऑटोइम्यून हिमोलिटिक अ‍ॅनिमिया: ताईला रक्तच जुळत नाही म्हणतात

कोरांटी: ताईचं हिमोग्लोबिन 6.4 आलंय. डोळे पिवळे, लघवी गडद, जिना चढताना धाप. आधी सगळ्यांना कावीळच वाटली. आता कूम्ब्स टेस्ट (तांबड्या पेशींना अँटीबॉडी चिकटल्यात का ते बघणारी) पॉझिटिव्ह आली, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज 60 मिग्रॅ सुरू झालंय. रक्त चढवायचं तर रक्तपेढी म्हणते एकही पिशवी जुळत नाही. गट तर साधा बी पॉझिटिव्ह! मी देऊ का रक्त? आणि लोहाच्या गोळ्या?

रातकिडा: रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे म्हणून सांगतो. पिशव्यांत काही दोष नाही. ताईंच्या अँटीबॉडीज त्यांच्याच तांबड्या पेशींना चिकटतायत, आणि बहुतेक सगळ्यांच्या पेशींनाही चिकटतात. तुमचंही रक्त बहुधा जुळणार नाही, सख्खं नातं इथे कामाला येत नाही. आम्हाला वेळ लागतो तो वेगळ्याच शोधात: बाळंतपणामुळे किंवा पूर्वी रक्त चढवल्यामुळे तयार झालेली दुसरी अँटीबॉडी यामागे लपली आहे का? खरा धोका तिचा. असं काही झालं असेल तर रक्तपेढीला आजच कळवा. धाप वाढली, छातीत दुखलं, तर न जुळणारं रक्तही सावकाश, लक्ष ठेवून देतात. जुळत नाही म्हणून कुणाला तसंच ठेवत नाहीत (ठेवू नये, असं म्हणू).

कूम्ब्सच्या रिपोर्टवर आयजीजी (अँटीबॉडीचा एक प्रकार) आहे की नुसतं सी3 (प्रतिकारशक्तीचं एक प्रथिन)?

कोरांटी: आयजीजी 3+, सी3 निगेटिव्ह. एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलंय. दोन बाळंतपणं झालीत, फोन करतेच.

रातकिडा: मग उष्ण प्रकार (अँटीबॉडी शरीराच्या नेहमीच्या तापमानाला चिकटते तो) दिसतोय, यात पेशी मुख्यतः प्लीहेत मोडतात. स्टिरॉइड याच प्रकारात चालतं. शीत प्रकारात (थंडीत चिकटते तो) त्याचा फारसा उपयोग नसतो.

उन्हाळी_पाऊस: मलाही हाच आजार. लोह मनाने सुरू करू नका. पेशी फुटल्या तरी त्यातलं बरंचसं लोह शरीरातच राहतं. फॉलिक अ‍ॅसिड मात्र डॉक्टर देतील, नव्या पेशी भराभर बनतात त्यात ते संपतं. मागे ल्यूपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) किंवा लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) नाही ना, तेही तपासतील.

हिमोग्लोबिन चढलं की घरचे म्हणणार, बास आता गोळ्या. ऐकू नका. डोस उतरवायला महिने जातात. माझा उतरवताना आजार उलटला, मग रिटुक्सिमॅब (अँटीबॉडी बनण्याला आळा घालणारं औषध) दिलं, त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी.

आणि हे कुणी सांगत नाही: स्टिरॉइडने साखर वाढते, पण एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) खोटा कमी येतो, कारण पेशी जगतातच थोडे दिवस. साखर रक्तातल्या ग्लुकोजच्या साध्या तपासणीनेच बघा.