मिटणाऱ्या चाकूचा खटका: लायनर लॉकवर भरवसा ठेवायचा का?

भटका_पुणे
दिवाळीनंतर राजमाचीला मुक्कामी गेलो होतो. ताडपत्रीची एक रिंग निघाली होती, म्हणून चाकूच्या टोकाने नवं भोक पाडायला घेतलं. टोक रुतलं, निघेना, मी मूठ जराशी पिळली आणि पातं माझ्याच बोटांवर मिटलं. तर्जनीला तीन टाके पडले. चाकू लायनर लॉकचा होता. कंपनीचं नाव लिहीत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आत धातूची एक पातळ पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती स्वतःच्या ताणाने आत सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून उभी राहते. मिटवायचं असेल तर अंगठ्याने ती बाजूला सारायची. म्हणजे सगळा भार त्या मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीच्या पट्टीवर. लॉकबॅकचं तसं नाही. त्यात मुठीच्या पाठीला जाड दांडा असतो आणि त्याचा दात पात्याच्या खाचेत वरून बसतो. बक ह्या अमेरिकी कंपनीचा ११० नंबरचा चाकू १९६४ पासून ह्याच खटक्यावर चालला आहे. माझं मत पक्कं झालंय: डोंगरात लायनर लॉक न्यायचा नाही.

लेथवाला
बोटाचं वाचून वाईट वाटलं. पण निष्कर्ष पटला नाही. मी २२ वर्षं मशीन शॉपमध्ये आहे, त्यामुळे ह्या पट्टीची बाजू घेणं भाग आहे.

पट्टी पातळ आहे म्हणून कमजोर, हे गणित चुकतंय. ती वाकवायची नसते, तिच्यावर उभा दाब येतो. लांबीच्या दिशेने दाबलेली पोलादाची पट्टी बराच भार घेते. खरी मेख असते पात्याच्या बुडाच्या उतारात. तो साधारण ७-८ अंशांचा लागतो. जास्त झाला तर दाब आल्यावर पट्टी घसरून बाहेर येते, कमी झाला तर अडकून बसते. बरोबर असेल तर झीज झाली तरी पट्टी आणखी थोडी आत सरकते आणि पातं खुळखुळत नाही. ही सोय लॉकबॅकमध्ये नाही. तिथे दात झिजला की पातं वरखाली हलायला लागतं.

आजचा लायनर लॉक अमेरिकेतल्या मायकेल वॉकरने १९८० च्या सुमारास घडवला. पुढे क्रिस रीव्ह ह्या चाकू घडवणाऱ्याने मुठीचीच एक बाजू जाड पट्टी म्हणून वापरली, तो फ्रेम लॉक. त्याच्या सेबेंझा चाकूला महागडा म्हणा हवं तर, कमजोर कोणी म्हणत नाही. तत्त्व तेच आहे. फसते ती घडण. दादा, एक काम करा. चाकू उघडा, उजेडात धरा आणि पट्टीचं टोक बुडाच्या किती आत आलंय ते बघून इथे लिहा.

आणि लॉकबॅकबद्दल: खाचेत चिखल बसला तर दात पूर्ण उतरत नाही, आणि बाहेरून ते कळतही नाही. घट्ट मूठ आवळली तर तळहाताच्या मांसाने मागचा दांडा दाबला जाऊन खटका सुटू शकतो. डेव्हिड बॉय नावाच्या कारागिराने त्या जागी दांड्याला खोलगट कापा दिला तो याचसाठी.

कलमवाले_आप्पा
रत्नागिरीकडचा आहे. ३५ वर्षं आंब्याची कोय कलमं बांधतोय. माझ्या चाकूला खटकाच नाही. पाठीला नुसती स्प्रिंग, तिच्या जोरावर पातं उघडं राहतं.

जून-जुलैत दिवसाला शेकड्याने कलमं होतात. हात ओले, चाकू ओला. कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, मधोमध चार-पाच सेंटिमीटरची चीर द्यायची, कलमकाडीला दोन्ही अंगांनी पाचर तासायची, बसवायची, पट्टी गुंडाळायची. ह्या सगळ्यात जोर धारेकडेच पडतो. धारेवर जोर आला की पातं उलट जास्त उघडायला बघतं, मिटायला नाही. पातं मिटतं ते पाठीवर जोर दिला किंवा रुतवून पिळलं तरच. म्हणजे काम चुकीचं निवडलं तर. ताडपत्रीला भोक पाडायला दाभण असतो, दहा-वीस रुपयांना मिळतो. खटका आहे म्हणून माणूस चाकूने नको ती कामं करायला जातो, हे मी पोरांमध्ये बघितलंय. आमच्याकडे एकाने खटक्याच्या चाकूने डबा उचकटायला घेतला, पात्याचं टोकच मोडून उडालं.

भटका_पुणे
आप्पा, दाभणाचं मान्य. पुढच्या वेळी पिशवीत असेल. पण तुमचा हात ३५ वर्षांचा आहे. आम्ही सहा तास चालून आलेलो असतो, अंधार असतो, बॅटरी तोंडात धरलेली, वारा ताडपत्री ओढत असतो. चूक होणारच नाही असं धरून कसं चालेल? खटका त्या एका चुकीसाठीच हवा. आणि ज्याच्यावर विसंबायचं तो खटका चुकीच्या क्षणीच सुटत असेल, तर नसलेला बरा. निदान नाही हे तरी ठाऊक असतं.

डावखुरी_नाशिक
मघापासून सगळे उजव्या हाताने बोलताय. डाव्या हातात लायनर लॉक धरून बघा. पट्टी सारायची बाजू अंगठ्याखाली येत नाही, बोटांच्या टोकांखाली येते. ती ढकलायची आहे बरोबर उलट दिशेला. आणि काही कामांत मूठ आवळली की बोटंच पट्टीवर दाबतात. मला हा चाकू दोन्ही हातांनीच मिटवावा लागतो.

उजव्या हातवाल्यांसाठीही एक गोष्ट तितकीच खरी आहे: मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत असतो. पातं निम्मं आलं की अंगठा काढायचा, हे रोज लक्षात ठेवून करायचं. मला हे डिझाइनच मान्य नाही.

मी आडव्या दांडीचा खटका वापरते. बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये ॲक्सिस नावाने आणला, मॅकहेन्री आणि विल्यम्स ह्या दोघांचा शोध. पात्याच्या बुडावरून एक पोलादी दांडी आरपार जाते, तिची दोन्ही टोकं मुठीच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतात. कुठल्याही हाताने मागे ओढा, पातं मोकळं. बोटं वाटेत येतच नाहीत. आता बऱ्याच कंपन्या असाच खटका देतात, स्वस्तातही.

लेथवाला
ताई, डाव्या हाताचा मुद्दा निर्विवाद. मी कधी तसा विचारच केला नव्हता. पण त्या दांडीला पुढे रेटणाऱ्या दोन स्प्रिंगा बारीक तारेच्या असतात, आणि त्या तुटतात. दोन असल्यामुळे एक तुटली तरी चालून जातं, पण लोकांना पत्ता लागत नाही. सहा महिन्यांतून एकदा दोन्ही बाजूंनी दांडी दाबून बघत जा.

लेस्टरकर
आमच्याकडे ही चर्चा कायद्यापाशीच संपते. ब्रिटनमध्ये सबळ कारण नसेल तर खिशात फक्त मिटणारा चाकू चालतो, धार ३ इंचांपर्यंत. आणि १९९३ च्या कोर्टाच्या निकालापासून खटक्याने पक्का होणारा चाकू ‘मिटणारा’ धरत नाहीत. मग पातं दोन इंचांचं असलं तरी सुटका नाही. पुण्याहून येणाऱ्या भाच्याला मी आधीच फोन करून सांगतो, तुझा आवडता चाकू घरीच ठेव. माझ्या खिशात व्हिक्टोरिनॉक्सचा, मिटवल्यावर ९१ मिलिमीटर लांबीचा, बिनखटक्याचा. आप्पांशी सहमत आहे: फळं, दोरी, खोकी, सगळं त्यावर निभतं.

रानभाजी
ओपिनेलचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? फ्रान्सच्या साव्हॉयमधला १८९० पासूनचा चाकू, बीचच्या लाकडाची मूठ. १९५५ मध्ये त्यावर फिरती कडी आली. पातं उघडायचं, कडी फिरवायची, झालं. खटका लागला की नाही हे डोळ्यांनी दिसतं, बोटाला कळतं. आत लपलेलं काहीच नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून पातं घट्ट होतं हे खरं, तेव्हा मुठीचं बूड दगडावर हलकेच आपटलं की पातं वर येतं. लेस्टरकर, तुमच्याकडे मात्र ह्या कडीमुळेच तो अडकेल.

डावखुरी_नाशिक
आणि कडी फिरवायची राहिली तर? अंधारात, थकलेलं असताना? भटकादादांचं म्हणणं तेच तर होतं.

रानभाजी
तर तो आप्पांचा चाकू होतो. वाईट काय त्यात?

भटका_पुणे
लेथवालेदादा, आज सकाळी गॅलरीत उन्हात चाकू धरून बघितला. पट्टीचं टोक बुडाच्या जेमतेम कडेला टेकतंय, निम्मी जाडीसुद्धा आत नाही. टूथपिक फिरवली तर बुडाच्या कोपऱ्यातून काळी गोळी निघाली, तेल आणि बारीक माती मिसळून घट्ट झालेली. ती काढून रॉकेलने धुतल्यावर पट्टी पूर्ण जाडीने आत आली. ‘टक्’ असा आवाज मी ह्या चाकूचा पहिल्यांदाच ऐकला. म्हणजे दोन पावसाळे तो अर्धवटच लागत होता आणि मी एकदाही बघितलं नाही.

तुमचं म्हणणं मान्य करतो, पण अर्धंच. तीच माती लॉकबॅकच्या खाचेत गेली असती तर तोही फसला असता, ठीक. पण मूठ पिळल्यावर काय? आता मोकळ्या हाताने, पात्याला जाड कापड गुंडाळून पिळून बघितलं. पट्टी किंचित मागे सरकताना दिसते. धुतल्यावरही.

लेथवाला
दिसते? मग मूठ लवचीक आहे, किंवा उतार जास्त आहे. तो चाकू कामाला वापरू नका. एक फोटो टाका, बुडाचा कोन दिसेल असा, बाजूने.